टायर निघाले शर्यतीला!

मित्रांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर मक्याची शेते आणि मधून सरळ रेषेत गेलेला रुंद रस्ता. महिना सप्टेंबरचा. या रस्त्याने एक बुटकी, दोनच माणसे बसतील अशी, टप उघडता येणारी मोटार चालली आहे. तिच्या मागे एक छोटासा दोनचाकी ट्रेलर आहे, आपल्या घरातल्या पलंगाहूनही लहान. आणि ट्रेलरवर काय? तर चार टायर! रिमवर चढवलेले, हवा भरलेले आणि पट्ट्यांनी करकचून बांधलेले.

मोटारीची चार चाके, ट्रेलरची दोन आणि वर लादलेली ही चार. दहा चाके आणि माणूस एक! स्टेपनी म्हणावी तर एक पुरे. मग हा गृहस्थ चार-चार चाके घेऊन निघाला आहे तरी कुठे?

तो निघाला आहे लिंकन नावाच्या शहराकडे. तेथे विमानतळाजवळ काँक्रीटचे एक प्रचंड मोकळे मैदान आहे. एके काळी हा अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. तो १९६६ मध्ये बंद झाला. २००९ पासून या मैदानावर ‘ऑटोक्रॉस’ या मोटारशर्यतीची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. लॉस एंजेलिसहून यायचे तर २४०० किलोमीटर अंतर पडते, आणि तेवढेच परत. मात्र तिथे पोहोचल्यावर प्रत्यक्ष शर्यतीची मोटार किती वेळ धावते, ठाऊक आहे? दोन दिवसांत मिळून अवघ्या सहा फेऱ्या. एक फेरी साधारण एका मिनिटाची. म्हणजे पाच हजार किलोमीटरची ओढाताण करायची ती सहा मिनिटांसाठी!

आता ऑटोक्रॉस म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. या शर्यतीत मोटारी एकमेकींशी झुंजत नाहीत. प्रत्येक मोटार घड्याळाशी झुंजते. जुनी धावपट्टी किंवा सुटीच्या दिवशी रिकामा पडलेला मोठा वाहनतळ मिळवायचा, त्यावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेक मोटार सोडायची. वेळ मोजतात सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत. शंकू पाडला की प्रत्येकी दोन सेकंदांचा दंड. वाट चुकली तर फेरीच बाद. गंमत अशी, की स्पर्धकाला फक्त मोटार हाकून चालत नाही. आपली पाळी नसताना त्याला उन्हात उभे राहून इतरांनी पाडलेले शंकू धावत जाऊन उभे करावे लागतात. ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. तिने या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये घेतली. ब्रिटनमध्ये याच नावाची शर्यत गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर होते. आपण बोलणार आहोत ते अमेरिकन प्रकाराबद्दल.

तळहाताएवढी चार ठिकाणे

मोटार वळते कशी? तुम्ही म्हणाल, चक्र फिरवले की वळते. पण गुळगुळीत बर्फावर चक्र कितीही फिरवा, गाडी सरळच जाईल. वळायला बाजूने बल लागते आणि ते देणारा एकच जण असतो: टायर आणि जमीन यांमधले घर्षण. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. अशा चार तळहातांच्या भरवशावर टनभर वजनाची मोटार वळत असते.

थोडे गणित करू. २० मीटर त्रिज्येचे एक वळण आहे. साध्या टायरचा कोरड्या काँक्रीटवरील घर्षणांक ०.९ धरा. घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की न घसरता वळण्याचा कमाल वेग मिळतो. ०.९ × ९.८ × २० म्हणजे १७६. त्याचे वर्गमूळ १३.३ मीटर दर सेकंदाला, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. आता शर्यतीचा चिकट टायर घ्या आणि घर्षणांक १.२ धरा. वेग येतो १५.३ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. तुमच्या लक्षात आले का, या गणितात मोटारीचे वजन कुठेच आले नाही! इंजिनाची शक्तीही आली नाही. जिथे पहिला आणि दुसरा यांत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक असतो, तिथे ताशी सात किलोमीटर म्हणजे केवढी मोठी चैन! म्हणून ऑटोक्रॉसवाला इंजिनाआधी टायरांचा विचार करतो.

हा चिकटपणा येतो कुठून? पुस्तकात आपण शिकतो, की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकडाच्या ठोकळ्याला हे ठीक लागू पडते. रबर मात्र हट्टी आहे. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खाचाखळग्यांत शिरते, खडीच्या टोकांना बिलगते आणि सोडताना खेच घेते. रबर जितके मऊ तितकी पकड अधिक. पण मऊ रबर झिजतेही झपाट्याने. शाळेतला मऊ खोडरबर कडक खोडरबरापेक्षा चांगला खोडतो आणि लवकर संपतो, तसेच हे.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरांवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे एक आकडा छापलेला असतो. ठरावीक नमुन्याचा टायर १०० धरला तर हा किती टिकेल, ते तो आकडा सांगतो. घरगुती मोटारीच्या टायरवर चारशे-पाचशे दिसेल. ऑटोक्रॉसच्या साध्या गटांत किमान २०० आकड्याचे टायर लागतात. वरच्या काही गटांत शंभराच्याही बरेच खाली आकडा असलेले टायर चालतात. आपल्याकडील मोटारींच्या टायरांवरही हा आकडा पुष्कळदा असतो. शेजारच्या मोटारीजवळ उकिडवे बसून शोधून पाहा. मालकाला आधी सांगा म्हणजे झाले.

घरूनच का चढवू नयेत?

एवढे चांगले टायर आहेत तर घरूनच चढवून का जाऊ नये? ट्रेलरची कटकट तरी वाचेल. पण याला कारणे आहेत आणि ती एकापेक्षा एक भक्कम आहेत.

झिजेचे तर उघडच आहे. दुसरे कारण उष्णतेचे. टायर धावला की तापतो, थांबला की निवतो. रबराच्या लांबलांब रेणूंना गंधकाच्या सांध्यांनी जोडलेले असते. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात या जोडणीत थोडाथोडा बदल होत जातो आणि रबर हळूहळू कडक होते. टायरवर नक्षी शिल्लक दिसते, पण पकड गेलेली असते. लिंकनपर्यंतच्या प्रवासात असे फेरे फुकट घालवणे कोणाला परवडेल?

तिसरे कारण पावसाचे, आणि हे जिवावरचे आहे. साध्या टायरवरच्या खोल खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्या खाचांतून बाहेर फेकले जाते. शर्यतीच्या टायरला खाचा नसतात, किंवा असल्या तर नावापुरत्या. पाणी निघून जायला वाट मिळाली नाही, की ते टायरपुढे पाचरीसारखे साचते आणि टायरला चक्क वर उचलते. मग मोटार रस्त्यावर नसतेच. पाण्यावर तरंगत असते. चक्र फिरवा, ब्रेक दाबा, कशाचाही उपयोग नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून याचा एक सोपा नियम काढला. रस्त्यावर पुरेसे पाणी असेल तर तरंगण्याचा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. मोटारीच्या टायरात दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोग्रॅम दाब असेल तर हा वेग येतो ताशी सुमारे ९० किलोमीटर. राजरस्त्यावर मोटारी नेमक्या याच वेगाने किंवा त्याहून जोरात धावतात.

चौथी गोष्ट थंडीची. हे खास मऊ रबर कडाक्याच्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. पाणी गोठेल अशा थंडीत टायर वापरू नका, वाकवू नका, नाहीतर तडे जातील, असे टायर बनवणारे बजावून सांगतात.

तेव्हा ठरले. प्रवासाला साधे टायर आणि शर्यतीचे टायर सामानात. आता प्रश्न असा, की हे सामान ठेवायचे कुठे?

दोन आसनांच्या मोटारीची डिकी म्हणजे मोठी पिशवीच. तिच्यात एक टायरही जाईल न जाईल. काही जण शेजारच्या आसनावर दोन आणि मागच्या फटीत दोन असे कसेबसे कोंबतात. पण हिशेब करून पाहा. रिमसकट टायरचे वजन १७ किलोग्रॅम. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली. वेग १३.९ मीटर दर सेकंदाचा, तो ०.१ सेकंदात शून्य होतो, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चौदापट मंदन झाले. जडत्वामुळे टायर पुढेच जाऊ पाहतो, आणि त्याला धरून ठेवायला १७ × १४, म्हणजे जवळजवळ २४० किलोग्रॅम वजनाएवढे बल हवे! साध्या सुतळीचे ते काम नव्हे. टायर सुटला तर तो थेट चालकाच्या पाठीत. टपावर ठेवावेत, तर कापडी टपाला ते पेलणार नाहीत, आणि पत्र्याचा टप असला तरी वजन इतके उंच गेल्याने गाडी वळणावर जास्त कलते. म्हणून या मंडळींनी छोट्या ट्रेलरची युक्ती काढली. कित्येक जण तो स्वतःच घरी जोडतात.

मामाच्या गावची बैलगाडी

ट्रेलर जोडणे सोपे आहे. मोटारीच्या मागे पावणेपाच सेंटीमीटर व्यासाचा एक पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची आणि खिट्टी लावायची. शिवाय दोन साखळ्या लावायच्या, त्याही दांड्याखालून एकमेकींवर तिढा देऊन. कारण वाटी निसटलीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. खरी मेख आहे ती सामान लादण्यात, आणि ती कळायला अमेरिकेला जायला नको.

लहानपणी सुटीत मामाच्या गावी गेल्यावर आम्ही पोरे बैलगाडीत मागच्या बाजूला दाटीने बसत असू. गाडीवान लगेच ओरडायचा, ‘पुढं सरका रे, गाडी उलाळती!’ गाडीचे वजन आखाच्या मागे गेले की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला खालून फास बसतो. उलट सगळे वजन पुढे आले तर जू मानेवर रुतते. जाणता गाडीवान पोती अशी रचतो, की जुवावर थोडासाच दाब राहावा. थोडासा, पण राहावा मात्र नक्की. ट्रेलरही दोनचाकीच. बैलांच्या जागी मोटार आणि जुवाच्या जागी गोळा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर यावा, असा अमेरिकेत संकेत आहे. ब्रिटनमध्ये पाच ते सात टक्के पुरेत म्हणतात. तिथल्या गाड्या निराळ्या आणि ट्रेलर ओढण्याचे नियमही निराळे.

आपल्या ट्रेलरचे गणित मांडू. रिकामा ट्रेलर ६० किलोग्रॅम. चार टायर ६८. जॅक, पाने, हवा भरायचा पंप यांची पेटी २२. एकूण १५०. गोळ्यापासून ट्रेलरच्या आखापर्यंतचे अंतर १५० सेंटीमीटर. गोळ्यावर दहा टक्के, म्हणजे १५ किलोग्रॅम भार हवा. तरफेचा नियम लावा: १५ × १५० बरोबर १५० × किती? उत्तर १५ सेंटीमीटर. म्हणजे सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य आखाच्या पुढे फक्त वीतभरही नाही, इतक्याच अंतरावर हवा.

आता समजा, ती पेटी कुणी घाईघाईत पुढून उचलली आणि एक मीटर मागे ठेवली. परिबलात फरक पडला २२ × १००, म्हणजे २२०० चा. त्याला १५० ने भागा. गोळ्यावरचा भार जवळजवळ १४.७ किलोग्रॅमने कमी झाला. उरला काय? पाव किलोपेक्षा थोडा जास्त! एका पेटीने ट्रेलर उलाळण्याच्या बेताला आणला. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सारे ठाकठीक दिसते.

हे तुम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल. साठ सेंटीमीटर लांबीची एक सरळ पट्टी घ्या. तिच्या बरोबर मध्याखाली पेन्सिल आडवी ठेवा. हा झाला आख. पट्टीचे पुढचे टोक दोऱ्याने ताणकाट्याला टांगून पट्टी आडवी राहील असे धरा. आता २०० ग्रॅमचे वजन पेन्सिलीच्या पुढे ३ सेंटीमीटरवर ठेवा. काटा २० ग्रॅम दाखवील. वजन हळूहळू मागे सरकवत न्या. पेन्सिल ओलांडताच दोरा ढिला पडेल आणि टोक वर उठेल. अमेरिकेतील ही मंडळी हेच काम न्हाणीघरात ठेवण्याच्या वजनकाट्यावर करतात. ट्रेलरचा दांडा गोळ्याइतक्या उंचीवर त्यावर टेकवायचा आणि आकडा वाचायचा. दोन मिनिटांचे काम.

शेपटी कुत्र्याला हलवते तेव्हा

बैलगाडी उलाळली तर पोरे हसतात. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीमागे ट्रेलर तसा लादलेला असेल तर हसणे सुचत नाही.

शेजारून एखादा अजस्र ट्रक सुसाट जातो. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसून ट्रेलर जरा बाजूला होतो. नीट लादलेला ट्रेलर एकदोनदा डुलून आपोआप सरळ होतो, कारण गुरुत्वमध्य आखाच्या पुढे असल्याने टायरांचे घर्षण त्याला रांगेत आणते. गुरुत्वमध्य मागे असेल तर उलटे घडते. झोका परतताना ट्रेलरचे ढुंगण रेषा ओलांडून पलीकडे जास्तच जाते. जाताना मोटारीच्या मागच्या बाजूला ढकलते, मोटार किंचित तिरपी होते आणि पुढचा झोका आणखी मोठा होतो. झोपाळ्याला बाहेरून कुणी धक्के देत असते; इथे धक्के देणारे वेगळे कुणी नसते. मोटारीच्या पुढे जाण्यातलीच शक्ती या झोक्यांत मुरत जाते. म्हणूनच प्रत्येक मोटार-ट्रेलरच्या जोडीचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या खाली झोके विरतात, त्याच्या वर ते वाढतात. लादणी वाईट असेल तितका हा वेग खाली येतो. चारपाच झोक्यांत मोटार आडवी होऊ शकते.

अशा वेळी काय करावे? हात आणि पाय म्हणतील, चक्र उलट फिरव, ब्रेक दाब. दोन्ही चूक! माणसाची प्रतिक्रिया झोक्याच्या मागे पडते, त्यामुळे चक्र फिरवल्याने झोका वाढतोच. जोरात ब्रेक दाबला तर मोटार थांबू पाहते आणि मागून ट्रेलर तिला रेटतो. चक्र सरळ घट्ट धरायचे, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. सांगायला सोपे, करायला फार कठीण! म्हणून मुळात लादणी नीट हवी आणि वेगही बेताचा हवा. कॅलिफोर्निया राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादाच घातलेली आहे.

अजून एक बारकावा आहे. समजा, पेटी अगदी पुढच्या टोकाला आणि टायर अगदी मागच्या टोकाला ठेवून गोळ्यावरचा भार बरोबर १५ किलोग्रॅम जमवला. जमले का? नाही. हातभर लांबीची काठी घ्या आणि तिच्या मध्याजवळ पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या बांधा. काठी मधोमध धरून डावी-उजवीकडे झटपट फिरवा. मग त्याच बाटल्या दोन टोकांना बांधून तसेच करा. वजन तेच, पण आता काठी चटकन फिरत नाही, आणि एकदा फिरू लागली की चटकन थांबतही नाही. टोकांना वजन असलेला ट्रेलर असाच थांबायचे नाव घेत नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात खरी मोटार आणि खास बनवलेला ट्रेलर घेऊन यावर प्रयोग झाले आणि ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही वजनाची मांडणी हीच स्थिरतेची मुख्य गोष्ट ठरली. तेव्हा जड वस्तू आखाजवळ, किंचित पुढे; हलक्या वस्तू टोकांना.

ट्रेलरच्या इवल्याशा चाकांचीही दखल घ्यायला हवी. मोटारीच्या चाकाचा व्यास ५८ सेंटीमीटर धरला तर ताशी शंभर किलोमीटर वेगाला ते मिनिटाला सुमारे ९१५ फेरे घेते. ट्रेलरचे ४० सेंटीमीटरचे चाक त्याच वेगाला सुमारे १३२५ फेरे घेते. म्हणजे त्याच्या बेअरिंगला दीडपट धावपळ. वंगण सुकले तर बिचारे रस्त्यातच जळून जाते. ट्रेलर रस्त्याकडेला पडलेला दिसला, की पुष्कळदा दोष या रुपया-दोन रुपयांएवढ्या ग्रीजचा असतो.

काही जण याच्याही पुढे जातात. त्यांची मोटार रस्त्यावर चालवण्याजोगी उरलेलीच नसते. ते सबंध मोटारच मोठ्या ट्रेलरवर चढवून पिकअप ट्रकने ओढत नेतात. तत्त्वे तीच, फक्त आकडे मोठे. ट्रेलरचा तळ ६० सेंटीमीटर उंच असेल आणि चढण्याची फळी दीड मीटरची असेल तर चढ २४ अंशांचा होतो, आणि बुटक्या मोटारीचे नाक फळीला घासते. फळी तीन मीटरची केली की चढ साडेअकरा अंशांवर येतो. पोर्शे ९११ सारख्या मोटारीचे इंजिन मागच्या आखाच्याही मागे असते, त्यामुळे ती ट्रेलरवर उलटी, पाठ पुढे करून चढवावी लागते किंवा जास्त पुढे सरकवून उभी करावी लागते. बांधताना पट्टे शक्यतो चाकांवरून घेतात. मोटारीच्या सांगाड्याला बांधले तर खड्ड्यात स्प्रिंगा दबतात आणि पट्टे क्षणभर सैल पडतात. सैल पट्ट्याचा आकडा निसटायला तो क्षण पुरतो. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांनुसार बांधणी अशी लागते, की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या आठ-दशांश बल सोसावे. एक टनाच्या मोटारीला म्हणजे आठशे किलोग्रॅम. आणि पट्टा ४५ अंशांत तिरपा असेल तर त्याच्या ताणाचा सातदशांशच भाग आडव्या दिशेला कामी येतो, हेही धरावे लागते.

आपला नेब्रास्काचा गडी एव्हाना मैदानावर पोहोचला असेल. ट्रेलर सोडला, जॅक लावला आणि साधे टायर उतरवून शर्यतीचे चढवले. नट आवळायला साध्या पान्यावर विश्वास ठेवत नाहीत. जोर मोजणारा पाना असतो. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे बावीस किलोग्रॅमचा जोर, त्याहून फार कमी नाही आणि फार जास्तही नाही. मग टायरांच्या कडेवर खडूने रेघा मारतो. फेरी संपल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहून टायर वळणावर किती दुमडला हे कळते, आणि त्यावरून हवा थोडी वाढवायची की सोडायची ते ठरते. तपासनीस येतो. तो मोटारीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला लावतो, अगदी पायाखालची चटईसुद्धा. ऊन तापलेले असेल तर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात हा पठ्ठ्या फवारणीची बाटली घेऊन टायरांवर पाणी मारत बसतो, कारण रबर जास्त तापले तर पकड पुन्हा घटते.

संध्याकाळी पुन्हा उलटी उजळणी. जॅक, पाने, साधे टायर परत चढवणे. शर्यतीचे टायर ट्रेलरवर जातात तेव्हा त्यांना मैदानातले खडे आणि रबराचे तुकडे चिकटलेले असतात. घरी गेल्यावर ते काळ्या पिशवीत बांधून, ऊन आणि विजेची मोटर यांपासून दूर ठेवायचे. विजेच्या ठिणगीने ओझोन वायू तयार होतो आणि तो रबराला तडे पाडतो. पण ते पुढचे. आता आधी पेटी. ती आखाच्या पुढेच आहे ना? काट्यावर पंधरा किलोग्रॅम आले ना? साखळ्यांचा तिढा, खिट्टी, पट्टे.

मग पन्नास-साठ किलोमीटरवर पहिला पेट्रोल पंप लागतो. तिथे उतरून तो सर्वांत आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मधल्या तुंब्यांजवळ हाताची पालथी बाजू नेतो. कोमट लागले तर ठीक. चटका बसला तर ग्रीजची डबी काढायची आणि तिथेच मांडी ठोकून कामाला लागायचे.